विषय: दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा – ३० तारखेच्या आत उत्तर हवंय

निनाद, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

विसर्जनाच्या दिवशी ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना माहीत आहेच. मी नोकरी सोडतोय. दुसरी हातात नाही. घरी बोलणं झालंय, मुग्धाची हरकत नाही, त्यामुळे "सोडू नकोस" हा सल्ला कृपया नको.

अडचण अशी: करारात तीन महिन्यांची नोटीस आहे आणि तीही तिमाहीच्या शेवटाला. म्हणजे पत्र ३० सप्टेंबरपर्यंत पोचलं तर ३१ डिसेंबरला सुटका, १ ऑक्टोबरला पोचलं तर थेट ३१ मार्च. आणखी सहा महिने त्या माणसाच्या हाताखाली मला जमणार नाही. पर्सोनालच्या (एचआर) बाई होमऑफिसमध्ये, मॅनेजर सुट्टीवर. सही केलेली पीडीएफ ईमेलने पाठवली तर चालेल का? कोणी तसं केलंय का?

इतर माहिती: जर्मनीचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा राहण्या-नोकरीचा परवाना), गेल्या वर्षीच्या १ एप्रिलपासून याच नोकरीत, जर्मन भाषेचं बी-१ झालेलं आहे.

निनाद

---

रोहन, मंगळवार रात्री

ईमेल अजिबात नाही. इथे क्युंडिगुंग, म्हणजे नोकरी सोडण्याचं पत्र, कागदावरच लागतं आणि त्यावर शाईची सही. नागरी कायद्याचं कलम ६२३, त्यात इलेक्ट्रॉनिक पद्धत चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. पीडीएफ, व्हॉट्सअॅप, फॅक्स, सगळं बाद. तू पाठवशील, ते "मिळालं" असं उत्तरही देतील, आणि नंतर कोणी म्हटलं की राजीनामा झालेलाच नाही तर तू अडकशील. पोस्टात जाऊन आइनश्राइबन कर, पोचपावतीवालं, म्हणजे रजिस्टर्ड पत्र.

रोहन

---

शिरीषकाका, बुधवार सकाळी

> पोस्टात जाऊन आइनश्राइबन कर, पोचपावतीवालं

रोहन, पोचपावतीवालं नको. ऑफिसात सही घ्यायला कोणी नसेल तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो आणि पत्र पोस्टातच पडून राहतं. ते कोणी उचलेपर्यंत "पोचलं" असं धरत नाहीत. निनाद म्हणतो ऑफिसात कोणी नाही, मग तर धोका जास्तच. कंपनीच्या पेटीत टाकलं जातं ते, आइनवुर्फ, ते कर.

शिरीष

---

रोहन, बुधवार सकाळी

काका, आइनवुर्फही आता पूर्वीइतकं भरवशाचं राहिलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल कामगार न्यायालयाचा निकाल आलाय. पोस्टात पत्र दिल्याची पावती आणि वेबसाइटवरचा "वितरित" एवढ्यावर पत्र पोचलं हे सिद्ध होत नाही, पोस्टमननं केलेली नोंद लागते. ती नोंद वेळेत मागवून ठेवावी लागते. त्या खटल्यात कंपनीनं कर्मचाऱ्याला काढलं होतं, पण पुराव्याचा मुद्दा दोन्ही बाजूंना सारखाच.

सगळ्यात उत्तम म्हणजे दोन प्रती घेऊन स्वतः जा, एक रिसेप्शनला दे, दुसरीवर तारीख आणि सही घे. सही देत नसतील तर पत्र पाकिटात घालताना आणि पेटीत टाकताना बघणारा एक साक्षीदार बरोबर ने. मी येतो, सोमवारी मला सुट्टी आहे.

---

केदार, बुधवार दुपारी

मंडळी, कार्यवाह म्हणून लिहितोय. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. व्हिसा, नोकरी, घर या विषयांसाठी वेगळा गट केलेला आहे, मागच्या वार्षिक सभेत ते ठरलं होतं. दिवाळीच्या हॉलची अनामत शुक्रवारपर्यंत भरायची आहे आणि त्या मेलला आत्तापर्यंत चौघांचीच उत्तरं आहेत. निनाद, तुला शुभेच्छा, पण चर्चा कृपया तिकडे न्यावी.

केदार

---

माधुरीताई, बुधवार दुपारी

केदार, अनामत मी आजच भरते. पण त्या गटात कोण आहे सांग बघू? सगळी नवीन मुलं, तीही घरं शोधणारी. वीस वर्षं इथे काढलेली माणसं या यादीवर आहेत. माणूस अडचणीत असताना त्याला दुसऱ्या दारी पाठवणं मला पटत नाही. हॉलचा विषय हॉलच्या मेलमध्ये चालू दे.

निनाद, अपर्णानं अजून काही लिहिलं नाही म्हणजे ती प्रवासात असणार. तिचं उत्तर येईपर्यंत पत्र देऊ नकोस.

माधुरी

---

शिरीषकाका, बुधवार संध्याकाळी

निनादनं नको म्हटलंय तरी लिहितो.

मी २००० साली आलो. श्र्योडर सरकारनं ऑगस्टमध्ये ते आयटीवाल्यांचं ग्रीन कार्ड सुरू केलं, वीस हजार लोकांसाठी, पाच वर्षांची मुदत. दोन वर्षांत बाजार कोसळला. आमच्या मजल्यावरचे दोघं मराठी, एक नाशिकचा, एक सांगलीचा. दोघांची नोकरी एकाच आठवड्यात गेली. नाशिकचा परत गेला, मुलगी इथल्या बालवाडीत नुकती रमली होती. त्यांनी स्वतःहून सोडली नव्हती, कंपनीनं काढलं होतं. तरी सामान आवरायला त्यांना धड वेळ मिळाला नाही. तेव्हापासून माझं एकच मत आहे: परक्या देशात हातची सोडायची ती दुसरी पक्की झाल्यावरच. साहेब वाईट असतो, बदलतो, जातो. परवानगी गेली की घर जातं.

शिरीष

---

अपर्णाताई, बुधवार रात्री

माधुरीताई, ट्रेनमध्ये होते, आत्ता घरी पोचले.

शिरीषकाका, तुमची धास्ती खरी आहे, पण कायदा आता तितका कडक राहिलेला नाही. युरोपच्या २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशाप्रमाणे कार्डाला दोन वर्षं झाली नसतील तर बेकार झाल्यावर तीन महिने मिळतात, दोन वर्षं झाली असतील तर सहा. एका आठवड्यात कोणी हाकलत नाही. आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी लोकांच्या परवान्यांचं कार्यालय) मात्र दोन आठवड्यांत स्वतः कळवायचं असतं. ती जबाबदारी आपली. कंपनीही कळवते, पण कंपनीनं कळवलं म्हणून आपली सुटका होत नाही.

आता निनाद. तुम्ही सगळे पत्र पोस्टानं की हातानं यावर बोलताय. रोहनचं बरोबर आहे, हातानं. पण माझ्या मते हे पत्र ३० तारखेला जाताच कामा नये. कारण निनादच्या शेवटच्या ओळीत आहे.

ब्लू कार्डवर निडरलासुंग (कायम राहण्याचा परवाना) मिळायला साधारण २७ महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते लागतात. बी-१ असेल तर २१. गेल्या वर्षीच्या १ एप्रिलपासून मोज: या ३१ डिसेंबरला बरोबर २१ होतात. म्हणजे तू ज्या दिवशी नोकरीतून बाहेर पडणार, त्याच दिवशी तुझा हक्क तयार होणार. आणि अर्ज करायला गेलास की काय मागतात? ताज्या पगारपत्रकांबरोबर कंपनीचं पत्र, की हा माणूस कायम नोकरीत आहे आणि राजीनामा दिलेला नाही. घरखर्च भागतोय हेही दाखवावं लागतं. तुझ्याकडे ते पत्र नसणार. एकवीस महिने काढून शेवटच्या दारात तू मोकळ्या हातानं उभा राहशील. मी पर्सोनालमध्ये काम करते, अशी पत्रं आठवड्याला सही करून देते, आणि राजीनामा दिलेला माणूस ते मागायला येतो तेव्हा मला ते देता येत नाही. हे फार वाईट वाटतं.

पैशाचंही बघ. स्वतःहून सोडली की आर्बाइट्सआम्ट (रोजगार कार्यालय) श्पेरत्साइट लावतं, बारा आठवडे बेकारभत्ता शून्य. ते बारा आठवडे नंतर जोडून मिळत नाहीत, एकूण हक्कच निदान पाव भागानं कमी होतो. २१ महिन्यांच्या नोकरीवर तुला दहा महिन्यांचा भत्ता बसतो, त्यातले सातपेक्षा जरा जास्त उरतील. मूल आहे म्हणून निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, नाहीतर ६०. आणि ब्लू कार्डाचे तुझे तीन महिने म्हणजे जवळपास हेच बारा आठवडे. पैसे नसताना आणि घड्याळ चालू असताना मुलाखती द्यायच्या. कंपनीशी बोलून आउफहेबुंग (दोघांच्या संमतीनं करार संपवणं) केलंस तरी आम्टाच्या नजरेत बहुतेक वेळा ते स्वतः सोडल्यासारखंच.

श्पेरत्साइट टळू शकते. नोकरीमुळे तब्येत बिघडली आणि डॉक्टरनं सोडायचा सल्ला दिला, असं असेल तर. पण तो सल्ला राजीनाम्याच्या आधीचा हवा. आम्टाचा त्यासाठी छापील फॉर्म असतो, तो आधी मागवायचा, डॉक्टरकडून भरून घ्यायचा, मग सही. शिवाय आधी कंपनीत दुसरा विभाग मागून बघितलास का, हे ते विचारतात. ती मागणी लेखी केलेली असू दे.

तुला झोप लागते का रे? खरं सांग.

अपर्णा

---

रोहन, गुरुवार सकाळी

> तो सल्ला राजीनाम्याच्या आधीचा हवा

मग सोपंय. क्रांकश्राइबुंग (आजारपणाची चिठ्ठी) घे आणि घरी बस. सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, नंतर क्रांकनकासेकडून (आरोग्यविमा) ढोबळ पगाराच्या ७० टक्के. डिसेंबर असाच निघून जाईल.

---

वैशाली, गुरुवार सकाळी

रोहन, हे असं लिहू नकोस. मी दवाखान्यात काम करते. आजारपणाची चिठ्ठी ही तारीख ढकलायची युक्ती नाही, आणि तशी वापरणाऱ्यांमुळे खरोखर आजारी माणसाकडेही संशयानं बघतात. आपली माणसं आधीच उशिरा येतात. डोकं दुखतं, पोट बिघडलंय, छाती भरून येते असं सांगतात आणि ऑफिसबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मग डॉक्टर पोटाचं औषध देतो.

निनाद, तू चिठ्ठी मागू नकोस. हाउसआर्त्स्टकडे (फॅमिली डॉक्टर) जा आणि जे होतंय ते सांग: रविवारी दुपारपासून काय होतं, मॅनेजरचा फोन वाजला की काय होतं. जर्मन अपुरं वाटलं तर आधी लिहून ने. चिठ्ठी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवेल. तू काय सांगितलंस याची नोंद मात्र होते, आणि अपर्णाताई म्हणतात तो फॉर्म त्या नोंदीवरच भरला जातो. मानसोपचाराची थेट वेळ हवी असेल तर ११६११७ या फोन नंबरवर मदत मिळते.

वैशाली

---

माधुरीताई, गुरुवार दुपारी

आमच्या घरी हे होऊन गेलंय, ह्यांनी सोडली तेव्हा. जुने लोक जाणतात. तेव्हा आम्हाला निडरलासुंग मिळालेली होती, म्हणून निभावलं. पैशांची चणचण होती, पण रात्री परवानगीची काळजी नव्हती. तो फरक मी अनुभवलाय. म्हणून अपर्णाचं ऐक.

आणि एक, जे कागदात येत नाही. सोडल्यावर पहिले काही आठवडे बरे गेले. मग हे सकाळी आवरून बसायचे आणि कुठेच जायचं नसायचं. सासूबाईंना फोनवर काय सांगायचं यावरून आमचं भांडण व्हायचं. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटचा हप्ता चालू होता. मी म्हटलं, आईंना खरं सांगा. सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मला आवाजावरून केव्हाच कळलं होतं. तुझ्या आईवडिलांना माहीत आहे का? नसेल तर सांगून टाक, लपवण्यात फार शक्ती जाते.

मुग्धाची हरकत नाही हे छान, पण तिचीही नोकरी अर्धवेळच आहे. तिला कोणी विचारलं का कशी आहे? मी संध्याकाळी फोन करते.

माधुरी

---

केदार, गुरुवार दुपारी

चर्चा इथेच चालू दे, माझी हरकत मागे घेतो. अपर्णाताई, तुमचं कालचं उत्तर मंडळाच्या माहितीपानावर ठेवू का? सगळी नावं काढून. अनामत भरणाऱ्यांचे आभार, अजून सात कुटुंबं बाकी.

---

शिरीषकाका, गुरुवार संध्याकाळी

अपर्णा, तीन महिने आणि सहा महिने हे मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी असं काही नव्हतं. पण तुझं आणि माझं म्हणणं शेवटी एकच झालं की, आत्ता सोडू नये. फक्त मी भीतीनं सांगितलं, तू हिशेबानं.

निनाद, रविवारी घरी ये. जेवायलाच ये सगळे. दोन ठिकाणी माझी जुनी ओळख आहे, सीव्ही घेऊन ये.

---

निनाद, गुरुवार रात्री

अपर्णाताई, झोप लागत नाही. हे मी यादीवर लिहिणार नव्हतो.

२१ महिन्यांचा हिशेब माझ्या लक्षातच आणून दिलात. मुग्धा आणि मी दोघं कॅलेंडर घेऊन बसलो. ३० तारखेला पत्र देत नाही. उद्या सकाळी हाउसआर्त्स्टची वेळ मिळाली आहे, वैशालीनं सांगितल्यासारखं मुग्धाबरोबर बसून लिहून काढलंय, दीड पान झालं. दुसऱ्या विभागात बदली मागणारं पत्र आज पर्सोनालला पाठवलं. आईशी उद्या बोलतो.

पण डॉक्टर म्हणाले की ही नोकरी आत्ताच सोडा, तर मी निडरलासुंगसाठी थांबणार नाही. रोहन, त्यासाठी सोमवार मोकळा ठेव. काका, रविवारी येतो.

अपर्णाताई, थांबलोच तर जानेवारीत अर्ज करू ना? आणि मध्ये दुसरी नोकरी मिळाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का?

---

अपर्णाताई, गुरुवार रात्री

डॉक्टर सोड म्हणाले तर सोड, निडरलासुंग पुढेही मिळवता येईल. तो फॉर्म मात्र सहीच्या आधी.

नाही, नोकरी बदलली तरी महिने पुसले जात नाहीत, पेन्शनचे हप्ते मोजतात. तुझं पहिलं वर्ष उलटलंय, त्यामुळे बदलायला बेहोर्डेची परवानगीही लागत नाही. फक्त नवीन कंपनीत प्रोबेत्साइट (सुरुवातीचा चाचणी काळ) चालू असताना अर्ज केला तर काही ठिकाणी ती संपेपर्यंत थांबवतात, म्हणून उडी मारण्याआधी तुझ्या बेहोर्डेला ईमेल करून विचार. तिथे ईमेल चालते.

जानेवारीची वाट बघू नकोस. वेळ आत्ताच मागून ठेव, रांग मोठी आहे. पेन्शनचा फेरजिखेरुंग्सफरलाउफ (भरलेल्या हप्त्यांची नोंद) ऑनलाइन मागव, टपालानं यायला वेळ लागतो. कंपनीचं पत्र डिसेंबरच्या पगारानंतर घे, फार आधी घेतलंस तर जुनं म्हणून परत करतात.

केदार, ठेव माहितीपानावर. वर तारीख टाक, नियम बदलत असतात.