मदत हवी आहे: कैरीचं लोणचं कडू लागायलंय

उदगीरची_लेक: लवकर सांगा कुणीतरी. परवा पाच किलो कैरीचं लोणचं घातलं. आज चाखलं तर मोहरीचा झणका नाहीच, नुसतं कडू. सासऱ्यांनी स्वतः झाडावर चढून कैऱ्या उतरवल्यात, टाकायला जीव होईना. रविवारी नणंदा यायल्यात. काय घालू?

जालन्याची_काकू: मोहरी किती, मेथी किती? डाळ आणलीस का घरी दळलीस? तेल कसं ओतलंस?

उदगीरची_लेक: नेहमीसारखंच, काकू. मोहरी अर्धा किलो, मेथी 50 ग्रॅम तळून.

परभणीचा_शेतकरी: तेल करडईचंच पाहिजे, घाण्यावरचं. आमच्या बरण्या दोन-दोन वर्षं टिकतात.

नांदेडकर: उत्तरेत लोणचं मोहरीच्या तेलातच घालतात. तेच वापरा.

परभणीचा_शेतकरी: आपल्या तोंडाला ते उग्र लागतं. 1998 ला दिल्लीत त्याच तेलानं माणसं दगावली.

नांदेडकर: त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं होतं. दोष भेसळीचा, मोहरीचा नाही.

अंबाजोगाई_७२: मोहरी फार गुणाची. गुडघे धरले असतील तर वाटून लेप लावा.

जालन्याची_काकू: दादा, लेप जपून सांगा. आमच्या आत्याबाईंनी रात्रभर ठेवला, सकाळी गुडघाभर फोड. आणि लेकी, दळलीस कशी ते अजून सांगितलं नाहीस.

उदगीरची_लेक: मिक्सरला अख्खी मोहरीच फिरवली, एकदम बारीक. भांड्याला हात लावू देईना इतकं तापलं होतं. तेल कडकडीत करून तसंच वरून ओतलं.

जालन्याची_काकू: मग कडू होणारच गं. झणका दाण्यात तयार नसतो. मोहरी भरडून तिला ओल लागली की आतला एक विकर काम करतो, तेव्हा तो सुटतो. उष्णतेनं विकर मरतो, कडूपणा तेवढा मागं राहतो. म्हणून डाळ भरडच हवी आणि तेल पार गार करूनच ओतायचं.
लोणचं नासलं नाही, टाकू नको. पावशेर मोहरीची डाळ कच्चीच मिसळ, खाराच्या ओलीनं मुरेल. आठ-दहा दिवस चाखूच नको, ताज्या मोहरीचा कडवटपणाही मुरल्यावर उतरतो. रविवारपुरतं वाटीभर काढ. चमचाभर डाळ गार पाणी घालून खलात फेस, नाकात झणका गेला की दहा मिनिटं झाकून ठेव, मग वाटीत कालव. उरलेलं बरणीत परत घालू नको, पाण्यानं बुरशी धरते.

परभणीचा_शेतकरी: तरी तेल करडईचंच घ्या.

उदगीरची_लेक: काकू, आत्ताच फेसली. डोळ्यातून पाणी काढलं तिनं! वाटीतलं सासऱ्यांना आवडलं, भाकरीसंगं दोन फोडी खाल्ल्या. बरणीत गूळ घालू का?

जालन्याची_काकू: घाल पावशेर, किसून. चमचा कोरडा घे.