‘से’ आणि ‘आ’ : स्पॅनिशच्या प्रगत व्याकरणासाठी मराठीचा आधार घ्यावा का?

ऐरोलीची विद्यार्थिनी :
नमस्कार. मी स्पॅनिश विषयात एम. ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. बी२ (मध्यमाच्या वरच्या) पातळीपर्यंत शिकवणीत शिकले तेव्हा नियम पाठ असले की काम भागत असे. आता वाक्यविचाराच्या तासाला प्रत्येक नियमाचे कारण विचारले जाते आणि तिथे मी अडते. गेल्या आठवड्यातील, करणाऱ्याचे नाव न घेता क्रिया सांगणाऱ्या ‘से’चे उदाहरण सांगते. ‘से बेन्देन पिसोस’ (घरे विकणे आहे) या वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे, पण ‘से बुस्का आ लोस कुल्पाब्लेस’ (गुन्हेगारांचा शोध सुरू आहे) यात गुन्हेगार अनेक असूनही क्रियापद एकवचनीच राहते. दुसरे वाक्य अपवाद आहे, असे मी लिहिले. बाईंनी ‘अपवाद’ हा शब्द लाल शाईने खोडून शेजारी ‘कारण द्या’ असे लिहिले. दुसरी अडचण भाषेच्या इतिहासाच्या पेपरची आहे. लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये ध्वनी कसे बदलले, याचे तक्ते कितीही घोकले तरी लक्षात राहत नाहीत. या अभ्यासाची नेमकी पद्धत कोणी सांगू शकेल का?

चरई, ठाणे येथील भाषांतरकार :
आपल्या बाईंनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याला शाळेतच शिकवले गेले आहे. कर्मणी आणि भावे प्रयोग आठवून पाहा. ‘तिने आंबे खाल्ले’ या वाक्यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते, पण ‘तिने मुलांना बोलावले’ म्हटले की मुले कितीही असोत, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते, कारण कर्माला ‘ना’ हा प्रत्यय लागला की त्याचा क्रियापदाशी असलेला मेळ तुटतो. स्पॅनिशमध्ये ‘आ’ हे शब्दयोगी नेमके हेच काम करते. ‘पिसोस’च्या आधी ‘आ’ नाही, म्हणून क्रियापद त्याच्याशी जुळते आणि ‘बेन्देन’ होते. ‘कुल्पाब्लेस’च्या आधी ‘आ’ आहे, म्हणून ते नाम कर्ता होऊ शकत नाही आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनात राहते. म्हणजे हा अपवाद नसून एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत.

हा ‘आ’ केव्हा लागतो, हेही मराठीच्या कानाने बरेचसे कळते. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ यांत जो फरक आहे, तोच ‘बुस्को उन मेदिको’ आणि ‘बुस्को आ उन मेदिको’ यांत आहे : पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीक व्यक्ती मनात आहे. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ हे वाक्य तर ‘मला आंबे आवडतात’ याच घडणीचे आहे. तिथेही क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे चालत नाही, आंब्यांप्रमाणे चालते. इंग्रजीतून स्पॅनिश शिकताना हे उलटे वाटते आणि मग आपण आपल्याच भाषेतील सोय विसरतो, याची मला मनापासून हळहळ वाटते.

ग्रंथांविषयी एवढेच सांगतो की, स्पॅनिश अकादमीच्या २००९ साली आलेल्या व्याकरणाच्या मोठ्या खंडांपासून सुरुवात करू नका. त्याची २०१० ची एकखंडी आवृत्ती आधी वाचा आणि एखादा मुद्दा अडला तरच मोठे खंड उघडा. आन्द्रेस बेल्यो यांचे १८४७ चे व्याकरण मात्र अवश्य चाळा. लॅटिनचा साचा स्पॅनिशवर लादू नये, हा त्यांचा आग्रह त्यात पानोपानी दिसतो.

नेरूळचे भाषाविज्ञानाचे अभ्यासक :
वरील विवेचन मला पूर्ण पटते. तरीही परीक्षेत केवळ साम्य दाखवून थांबू नये. ‘तेन्गो उन एर्मानो’ (मला एक भाऊ आहे) यात कर्म माणूस असूनही ‘आ’ येत नाही, कारण ‘तेनेर’ हे क्रियापद अस्तित्व किंवा नाते सांगते. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांच्या बाबतीतही मराठी फारशी मदत करत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी ‘आहे’ हेच चालते. संशयार्थी रूपांसाठी, म्हणजे अनिश्चित किंवा कल्पिलेली गोष्ट सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपांसाठी, मात्र ती उपयोगी पडते. ‘बुस्को उन पिसो के तेन्गा तेरासा’ म्हणजे ‘गच्ची असेल असे घर शोधतो आहे’. ते घर अजून दृष्टीस पडलेले नाही. घर पाहून ठेवले असेल, तर ‘तेन्गा’च्या जागी ‘त्येने’ येते आणि आपणही ‘गच्ची आहे ते घर’ म्हणतो. एका वहीत साम्ये आणि समोरच्या पानावर ती जिथे तुटतात त्या जागा, अशी नोंद ठेवा. उत्तरात वजन दुसऱ्या पानाला असते.

ठाण्याचे वाचक :
इतिहासाच्या पेपरसाठी घरातील एक शब्द देतो. ‘चावी’ हा आपल्याकडे पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आला, आणि ठाण्यावर १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचाच अंमल होता. मूळ लॅटिन शब्द ‘क्लाविस’. त्यातील आरंभीचा ‘क्ल’ स्पॅनिशमध्ये बदलून ‘याबे’ झाला. ‘फ्ल’ आणि ‘प्ल’ यांचेही तसेच झाले : ज्योतीचा ‘फ्लामा’ पोर्तुगीजमध्ये ‘शामा’, स्पॅनिशमध्ये ‘यामा’; पावसाचा ‘प्लुविया’ अनुक्रमे ‘शुव्हा’ आणि ‘युबिया’. हे तिन्ही शब्द शेजारी मांडले की तक्त्याची एक ओळ पाठ न करता लक्षात राहते.

ऐरोलीची विद्यार्थिनी :
आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आज वाशीला जाताना गाडीतच उत्तर पुन्हा लिहिले आणि ‘अपवाद’ऐवजी असे मांडले : ‘आ’ लागलेले कर्म क्रियापदाचा मेळ स्वीकारत नाही, म्हणून क्रियापद एकवचनी राहते, ‘आ’ नसलेले नाम तो स्वीकारते. खाली भावे प्रयोगाचे उदाहरण दिले आणि त्याखाली ‘तेन्गो उन एर्मानो’ची मर्यादाही लिहिली. सोमवारी बाईंना दाखवते.