गोव्याचा समाज घडवला कुणी: सत्तेने, जमिनीने की देवधर्माने?

खाजनकाठचा: शाळेत आपण शिकलो तो गोव्याच्या राजांचा इतिहास. कदंब, आदिलशाही, 1510 ला आल्बुकेर्क, 1961 ला भारतीय सैन्य. माझं मत असं, की गोंयकार घडला तो जमिनीच्या हिशोबावर. तिसवाडी (पणजीकडचा बेटांचा भाग) हातात आल्यावर पोर्तुगिजांनी गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईक राखणारी मूळ घराण्यांची संस्था, मोडली नाही. उलट 1526 ला त्यांच्या महसूल अधिकाऱ्याने, आफोंसो मेशियाने, गावकऱ्यांचे जुने रिवाज 'फोराल' म्हणून लिहून काढले, कारण सारा वसूल करायला तीच व्यवस्था हवी होती. पुढे देव बदलले, पण बाटलेला गावकर गावकरच राहिला, जातीसकट. मग सत्तेने असं काय मोठं बदललं?

अंत्रुजकर: साफ असहमत. 'पुढे देव बदलले' एवढ्यावर भागवलंत, बाब? कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा जुवारी ओलांडून फोंडा महालात आली, कारण तिथे अजून आदिलशाही होती. नदीच्या एका काठावर देऊळ पाडलं जातं, दुसऱ्या काठावर उभं राहतं, आणि तुम्ही म्हणता सत्तेने काय बदललं! 1560 ला आलेलं इन्क्विझिशन (पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय) मधली चारेक वर्षं सोडली तर 1812 पर्यंत टिकलं. आजही जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या) कितीतरी घरांचं कुलदैवत फोंड्यात आहे.

खाजनकाठचा: मान्य, पण तोच फोंडा 1763 ला पोर्तुगिजांकडे आला तेव्हा त्यांनी मंगेशीला हात लावला नाही. इन्क्विझिशन तर तेव्हाही चालूच होतं. डचांनी व्यापाराचं कंबरडं मोडलं होतं, वसई मराठ्यांनी घेतली होती. वसूल देणारी रयत पळवून लावणं परवडणारं नव्हतं. म्हणजे शेवटी तिजोरीच बोलली की नाही?

म्हापशाची: तुम्ही दोघं ज्या गावकरीबद्दल भांडताय तिच्यात बायका कुठे होत्या? वाटा मुलग्यांचा, जावयालाही नाही. मुलीला बापाच्या इस्टेटीत मुलाइतका हक्क मिळाला तो 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे. ती जमिनीतून उगवली नाही की देवळातून आली नाही, लिस्बनहून आली. सत्ताच ती.

पण थांबा, अंत्रुजकरांनी खूश होऊ नये. बाप गेला की नोटरीकडे काय चालतं ते बघा. भाऊ कागद तयार ठेवतो, बहिणी रांगेने हक्क सोडल्याच्या सह्या करतात. का, तर माहेर तुटू नये, चवथीला कुणीतरी बोलवावं. कायदा दीडशे वर्षांचा, पण सही रिवाजाची. माझं मत रिवाजाला.

डिचोलीचा: ताई, नोटरीचा मुद्दा एकदम पटला. पण बहुजनांच्या घरून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. आमच्याकडे आजोबा भाटकाराचे (जमीनदाराचे) मुंडकार, म्हणजे त्याच्या जागेत घर बांधून राहणारे. घर आमच्या हातचं, जागा त्याची, त्यामुळे मान खाली. 1963 ला मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावागावात मराठी शाळा निघाल्या. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा, मग 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी. संस्कृतीने आम्हाला वाकायला शिकवलं होतं, ताठ केलं ते मतपेटीने. आणि भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते हेही विसरू नका. खाणीचा पैसा असलेला माणूस भाटकारांना अंगावर घेऊ शकला.

अंत्रुजकर: मग 1967 चा जनमत कौल कुठल्या खात्यात घालणार? 16 जानेवारीला महाराष्ट्रात विलीन व्हायला 34 हजारांच्या फरकाने नकार, आणि मार्चमध्ये त्याच लोकांनी विलीनीकरणवाल्या मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवलं!

डिचोलीचा: कसलं कोडं आहे त्यात? कूळ कायदा हवा होता, मुंबईचं राज्य नको होतं. मी मराठीत लिहितो, मराठीत भांडतो, तरी गोवा वेगळा राहिला याचं मला वाईट वाटत नाही. (आता दहा जण तुटून पडतील. पडा.)

खाजनकाठचा: कूळ कायद्याची दुसरी बाजू माझ्या दारात आहे. खाजनाचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा) बांध आणि मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, पूर्वी गावकरी राखायची. मानशीचं दार ओहोटीला उघडतं, भरतीला आपसूक मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. कायद्यानंतर ते कूळ संघटनेकडे गेलं. संघटना मानशीची मासळी पावणीत (लिलावात) घालते, आणि घेणारा सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) भरतीलाही दार उघडं ठेवतो. आमच्याकडे भात बंद होऊन वर्षं झाली, शेतात तिवरं उभी आहेत.

म्हापशाची: म्हणजे भाटकार बरे होते?

खाजनकाठचा: तसं म्हटलेलं नाही. बांध कुणी राखायचा एवढंच विचारतोय. गावकरी म्हणते जमीन आता कुळांची, कुळं म्हणतात सरकारने बांधावा, सरकार म्हणतं संघटनेने अर्ज करावा.

डिचोलीचा: अर्ज केलात का? आणि पावणीचे पैसे जातात कुठे, संघटनेच्या बैठकीत कुणी विचारलंय?