प्रतिसाद: टसर की कोसा?

टसर या जंगली रेशमाबद्दलच्या चर्चेत 'टसर हे पतंगाचं नाव आणि कोसा हे त्याच्या कापडाचं' असं वर म्हटलंय, ते मला पटत नाही. संस्कृतात तसर म्हणजे विणकराचा धोटा, म्हणजे मूळ शब्द मागाजवळचा. तो किड्याला नंतर चिकटला असावा. आणि कोसा आला कोशावरून. आमच्या नागपुरात दुकानात 'कोसा दाखवा' म्हटलं की करवती काठाची साडीच समोर येते, पण गडचिरोलीतल्या आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर अळ्या पाळणारे ढिवर लोक कोसा म्हणतात ते फांदीला लटकलेल्या कोशालाच.

असा एक कोसा आईने कितीतरी वर्षं देवघरात ठेवला होता. लहानशा अंड्याएवढा, पिवळट करडा, नखाने टोकरला तरी ओरखडा उठत नाही इतका टणक. वर काळपट देठ, आणि त्याच्या टोकाला फांदीभोवती घट्ट बसलेलं कडं. हे कडं अळी स्वतःच्याच रेशमाने करते! पतंग बाहेर येताना कोसा कुरतडत नाही, तोंडातल्या द्रवाने एक टोक मऊ करून धागे बाजूला सारतो. चारही पंखांवर डोळ्यासारखा गोल, त्याच्या मधोमध पारदर्शक खिडकी. मग तो काहीच खात नाही, थोडेच दिवस जगतो. इतक्या देखण्या जिवाला आमच्या घरात वेगळं नाव नव्हतं, आई त्याला 'कोशातलं पाखरू' म्हणायची. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या कुणाला त्याचं खास नाव माहीत असेल तर इथे नक्की लिहा.