माझी कथा नक्की कुठल्या प्रकारात बसते? आणि कथा तपासून देणारा गट हवाय

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. तीन वर्षं कथा लिहितेय, सात-आठ पूर्ण झाल्यात, पण त्या भयकथा म्हणायच्या की गूढकथा की नुसत्या कौटुंबिक हेच कळत नाहीये. उदा. शेवटच्या कथेत आजी वारल्यावर परसातल्या विहिरीचा रहाट रोज पहाटे आपोआप फिरतो आणि सून उठून बघते तर कळशी भरलेली, ओली, दोर मात्र कोरडा. भूत कुठेच दिसत नाही, सगळी कथा सासू-सुनेच्या अबोल्याचीच आहे, म्हणून ‘धनंजय’ किंवा ‘नवल’सारख्या गूढकथा छापणाऱ्या दिवाळी अंकाला पाठवू की कौटुंबिक कथा घेणाऱ्या अंकाला, काहीच ठरत नाहीये.

दुसरं म्हणजे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कथा टाकते तर फक्त ‘मस्त’, ‘छान’ आणि अंगठे येतात. मला खरंच कुठे कंटाळा आला, कुठला संवाद खोटा वाटला ते सांगणारे चार-पाच जण हवेत, महिन्यातून एकदा एकमेकांच्या कथा नीट वाचू, मीही तितक्याच मनापासून वाचीन. पुण्यात असाल तर प्रत्यक्ष भेटू, नाहीतर ऑनलाइन चालेल. गूढ लिहिणारेच असावेत की सगळ्या प्रकारचे, तुमचा अनुभव काय? प्लीज सांगा.