स्विचवरून केलेला साधा पिंग फसवतो
लेयर ३ स्विचवर (राउटरचंही काम करणारा स्विच) व्हीलॅन १० मधून व्हीलॅन २० मध्ये (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं) जाता येत नसेल, तर 'आयपी राउटिंग' चालू करा, दोन्ही एसव्हीआय (प्रत्येक व्हीलॅनसाठी स्विचवर असलेला, आयपी पत्त्याचा इंटरफेस) अप दिसले की झालं, असा सल्ला दिला जातो, तो स्विचपुरता बरोबरच. पण स्विचवरून व्हीलॅन २० मधल्या मशीनला पिंग (उत्तर येतं का बघणारा चाचणी संदेश) जातोय म्हणून गडबड स्विचच्या पलीकडे नाही, असंही म्हणतात, ते काही पटलं नाही. सिस्कोचा स्विच साधा पिंग पाठवताना पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याचाच पत्ता सोर्स म्हणून लावतो, म्हणजे इथे व्हीलॅन २० च्या एसव्हीआयचा. समोरच्या मशीनला तो घरचाच वाटतो, उत्तर द्यायला गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जायचा पत्ता) लागतच नाही. 'पिंग १९२.१६८.२०.१५ सोर्स व्हीलॅन १०' असं देऊन बघा, मग उत्तराला गेटवे लागतोच. एका गोदामात जुना राउटर काढून लेयर ३ स्विच बसवला, तेव्हा साध्या पिंगला पाच उद्गारचिन्हं (उत्तर आलं) आणि सोर्स दिल्यावर पाच टिंबं (उत्तर नाही)! प्रिंटरमध्ये कुणीतरी हाताने भरलेला गेटवे अजून .२५४ (पत्त्याचा शेवटचा आकडा) होता, एसव्हीआय .१ वर. त्याआधी अर्धा दिवस मी ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी) तपासत बसलो होतो, ते वेगळंच.

गेटवे बरोबर असूनही टिंबंच आली आणि समोर विंडोज असेल, तर त्याची फायरवॉल बघा. प्रायव्हेट प्रोफाइलमधला (विश्वासातल्या नेटवर्कसाठीची सेटिंग) पिंगचा नियम चालू असला तरी त्याचा स्कोप मुळात 'लोकल सबनेट', म्हणजे मशीनचं स्वतःचं नेटवर्क, एवढाच असतो. त्यामुळे त्याच व्हीलॅनमधून पिंग जातो, दुसऱ्यातून नाही, आणि शिव्या स्विचला बसतात.