जिमचा ट्रेनर गेनर (वजन वाढवायची पावडर) घ्यायला सांगतोय, घेऊ का? (वजन ५८, शिफ्टची नोकरी)

शिरोलीकर_२२
नमस्कार मंडळी. वय २२, उंची ५ फूट ८ इंच, वजन ५८ किलो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, शिफ्ट बदलत राहते. दिवाळीपासून जिमला जातोय, पण काटा जागचा हलत नाही. ट्रेनर म्हणतो, गेनरशिवाय अंग भरणार नाही. ३ किलोचा डबा ४,२०० रुपयांना. डब्यावर १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १५, कार्ब ७५ असं लिहिलंय. आई म्हणते पावडरीनं किडन्या जातात. वडिलांना शुगर आहे, त्यामुळं ती जास्तच घाबरते.
सकाळी चहा-चपाती, डब्यात दोन भाकरी, आमटी, भाजी. रात्री तेच आणि वर भात. रविवारी मटण. अंडी घरात चालतात. काय करू?

रंकाळा_फेरी
गेनर नको. क्रिएटिन (स्नायूंना जोर देणारी पावडर) घे, स्वस्त पडतं. बाकी तांबडी माती दादा सांगतीलच.

तांबडी_माती
भावा, आधी तो डबा नीट वाच. १०० ग्रॅममध्ये ७५ कार्ब, ते बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन असतं. स्टार्चपासून केलेली पावडर, रक्तात साखरेसारखीच झपाट्यानं उतरते. अख्ख्या डब्यात प्रोटीन किती? ४५० ग्रॅम. त्याला ४,२०० रुपये. उरलेल्या कार्बसाठी घरचा भात आहे की. त्यात वडिलांना शुगर. मी तरी तुला हे घेऊ देणार नाही.

आता हिशेब मांड. अंग भरायला किलोमागं रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं, त्याच्या वर कितीही ओतलंस तरी फारसा फरक पडत नाही. तुला ते ९३ ग्रॅम लागतं. तुझ्या जेवणात चार भाकरी, आमटी, भात सगळं धरून ५० च्या आतबाहेर जातंय. म्हणजे तूट ४०-४५ ची. अर्धा लिटर म्हशीचं दूध घेतलंस की १८-२० आले, चार अंड्यांचे २४, मूठभर भाजक्या शेंगदाण्यांचे ७. तूट भरली. वर दूध-शेंगदाण्यातनं कॅलरी मिळतात त्या वेगळ्या, आणि तुला खरी गरज त्यांचीच आहे. भट्टीसमोर आठ तास उभं राहायचं आणि खायचं टेबलावर बसणाऱ्याएवढं, मग वजन वाढणार कुठनं?

मी गंगावेशीकडच्या तालमीत वाढलो, आता पोरांना जिममध्ये शिकवतो. तालमीतली जुनी माणसं म्हणतात, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक घेतलं तेव्हा कुठं होती पावडर? बरोबर आहे त्यांचं. पण म्हणून व्हे वाईट ठरत नाही. दूध फाडलं की जे हिरवट पाणी सुटतं, त्यातलं प्रोटीन गाळून वाळवलं की झालं व्हे. एका मापात साधारण २४ ग्रॅम. डबा न्यायला जमलं नाही, अंडी संपली, तर त्या दिवशी कामाला येतं. जेवण सोडून व्हे पिणारी पोरं मात्र मला अजिबात पटत नाहीत.

आता माझ्या लेखी जो मोठा प्रश्न आहे, तो तू लिहिलाच नाहीस. जिममध्ये तू करतोस काय? आज फक्त बायसेप, उद्या फक्त छाती, असं चालू असेल तर आधी ते बदल. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरनं बार उचलणं), बेंच (बाकावर पडून छातीवरनं बार ढकलणं), रोइंग (वाकून बार पोटाकडं ओढणं), खांद्यावरनं वर ढकलायचा प्रेस, एवढ्यावर गाडी चालते. प्रत्येक स्नायूला आठवड्यातनं दोनदा काम मिळू दे. आणि वही ठेव. कुठल्या दिवशी किती वजन, किती रेप (म्हणजे एका दमात किती वेळा उचललं), सगळं लिही. ४० किलोचा बेंच तीन सेट (मध्ये दम घेऊन तीन खेपा) नीट १० रेपला गेला की पुढच्या खेपेला ४२.५ लाव. शेवटच्या दोन रेपला बार छातीवरनं उठताना आपोआप मंदावला पाहिजे. ढकलतोयस जीव लावून, पण वेग येत नाही, तो सेट अंगाला लागतो. पहिल्या रेपसारखाच दहावा सुटला, तर वजन कमी पडतंय.

तालमीत हे न सांगता चालायचं. शेकडो बैठका मारून दम वाढतो, पण मांडी एका मापाला येऊन थांबते. मग वस्ताद खांद्यावर दुसरं पोरगं बसवायचे आणि बैठका मारायला लावायचे. तेच तुझं बारवरचं वाढतं वजन. पहाटे हौदा (कुस्तीची माती) खणून, जोर मारून झाले की मग थंडाई. भिजवलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत लोण्यासारखं होईपर्यंत घोटायचं. खुराक मेहनतीच्या मागनं यायचा. आणि दूध कट्ट्यावरचं (म्हशी आणून तिथंच धार काढतात ते) पी, डोळ्यांदेखत पिळलेलं. त्याची सर पिशवीला नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जिममध्ये कुणी दम वाढवायचं इंजेक्शन दाखवलं तर तिथनं उठून ये. मेफेन्टरमाइन म्हणतात त्याला. ऑपरेशनमध्ये रक्तदाब पडला तर भूल देणारे डॉक्टर वापरतात ते औषध. विशीतल्या पोरांना ते टोचून घेताना बघितलं की माझी झोप उडते.

आहारतज्ज्ञ_ताई
दादांचा हिशेब बरोबर आहे, एका मुद्द्यावर माझा विरोध. कट्ट्यावरचं दूध घ्या, पण घरी आणून उकळून प्या. म्हैस दिसायला धडधाकट असली तरी कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि निदानाला उशीर होतो. उकळल्यानं प्रोटीन कमी होत नाही.

शिरोलीकर, आईंची काळजी रास्त आहे. किडनी निरोगी असेल तर एवढ्या प्रोटीननं ती बिघडत नाही. पण घरात मधुमेह आहे, तेव्हा सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ततपासणी), शुगर आणि रक्तदाब तपासून घ्या आणि रिपोर्ट आईंना दाखवा. क्रिएटिन घेतलंत तर मोनोहायड्रेट हाच प्रकार, रोज ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढेल, ते बरंचसं स्नायूंतलं पाणी. क्रिएटिनवर असताना तपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक बघा, सुटी पावडर घेऊ नका.

शिरोलीकर_२२
दादा, ताई, लई उपकार. वही आजच आणली. नाईटला असलो की खाण्याचं कसं करू? सकाळी ७ ला सुटतो, आल्या आल्या झोपतो. आणि क्रिएटिन जिमच्या आधी का नंतर?

तांबडी_माती
क्रिएटिन कधीही घे, रोज घे, एवढंच. सकाळी घरी आलास की भाकरी, दोन अंडी आणि दूध घेऊन मगच झोप, उपाशी झोपू नकोस. खिडकीला जाड पडदा लाव, सात तास तरी डोळा लागला पाहिजे. जिम उठल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला. उरलेली दोन अंडी आणि शेंगदाणे रात्रीच्या डब्यात. नाईटच्या आठवड्यात बारवर वजन वाढवायची घाई करू नकोस, आहे तेवढंच नीट उचल. पहिली शिफ्ट आली की वही घेऊन इथं लिही, पुढचं बघू.